सोलापूरहून बालाघाटात: फिरायला जाणाऱ्या गटाने डोंगरातला एक दिवस कसा आखावा

सिद्धेश्वर तलावाच्या काठाने किंवा कंबर तलावाच्या बाजूला रोज तासभर चालणारे गट सोलापुरात कितीतरी आहेत. कोजागिरीला तुळजापूरचे ४५ किलोमीटर पायी जाणारेही गल्लोगल्ली सापडतात. चालायची सवय आपल्याला आहेच. सवय नसते ती चढ-उताराची आणि सगळ्यांनी एकत्र राहून चालायची. तुळजापूरच्या रस्त्यावर जो तो आपापल्या चालीने जातो, वाटेत पाणी मिळतं, चहा मिळतो. माळावर यातलं काही नसतं. म्हणून डोंगरातल्या दिवसाची आखणी करताना आधी दोनच गोष्टी विचारायच्या: गटात सगळ्यात हळू कोण चालतं, आणि पाणी कुठे आहे.

जागा आणि हंगाम

शहराच्या चारी बाजूंना सपाटीच. डोंगर हवा तर उत्तरेला बालाघाटाकडे जायला लागतं. पहिल्या खेपेला मी येडशी-रामलिंगचा परिसर सुचवीन. तुळजापूर, धाराशिवमार्गे सुमारे ९० किलोमीटर, म्हणजे गाडीने साधारण दोन तास. महादेवाचं मंदिर खाली दरीत आहे, भोवती दाट झाडी, आणि पाऊस चांगला झालेला असला तर जवळच धबधबा. हा भाग १९९७ पासून अभयारण्य आहे, सुमारे २२ चौरस किलोमीटरचं. मंदिरापर्यंत जाणं वेगळं आणि जंगलात शिरणं वेगळं. अभयारण्यात चालायचं तर वन विभागाची परवानगी आधी काढा, कोणती वाट खुली आहे ते त्यांनाच विचारा, आणि जवळच्या गावातला एखादा माहितगार सोबत घ्या. त्याला त्याच्या दिवसाचे पैसे आधी ठरवून द्या.

गटात गुडघ्यांची कुरकुर असणारे बरेच असतील तर आधी एक दिवस नळदुर्ग करा. तटावरून मनसोक्त चालता येतं, उपळ्या बुरुजाच्या पायऱ्यांवर प्रत्येकाचा दम कळतो, आणि बोरी नदीच्या बंधाऱ्यातला पाणीमहाल पाहणं होतं ते वेगळंच.

हंगामाबद्दल माझं मत ठाम आहे: नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत. श्रावणात रामलिंग हिरवंगार असतं हे खरं, पण सोमवारी तिथे गर्दीच गर्दी, आणि ओल्या काळ्या मातीत बुटांच्या तळांना किलोकिलोचे गोळे चिकटतात. श्रावणातच जायचं असेल तर सोमवार टाळून मधला वार धरा. फेब्रुवारीनंतर आपल्याकडचं ऊन सांगायला नको.

आधी दोघांनी जाऊन या

हा टप्पा बहुतेक गट गाळतात, आणि सगळा दिवस त्यावरच उभा असतो. ठरलेल्या दिवसाच्या आठवडाभर आधी दोघांनी पूर्ण वाट चालून यावं. कोणत्या झाडाखाली वीस माणसं बसतील, ओढ्याला पाणी आहे का, मोबाईलला रेंज कुठे जाते, गाडी कुठपर्यंत येते, हे सगळं वहीत लिहावं. मुख्य म्हणजे ढोरवाटा बघाव्यात. बालाघाटाचा माथा सपाट असतो आणि तिथे गुरांनी पाडलेल्या वाटा सगळ्या दिशांना जातात. प्रत्येक वाट खरीच वाटते, आणि पुढे जाऊन झुडपात संपते. जिथे वाट फुटते तिथला फोटो काढा आणि ‘डावीकडे बाभूळ ठेवून’ अशी खूण लिहून ठेवा.

वेळेचा हिशेबही तेव्हाच करायचा. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा नियम मांडला: सपाटीला ताशी सुमारे ५ किलोमीटर, आणि ६०० मीटर चढाईला एक तास जादा. हा हिशेब तयारीच्या माणसाचा. आपल्या गटासाठी ताशी ३ किलोमीटर धरा. एका दिवसाला ८ ते १० किलोमीटर पुरे. पहाटे साडेचारला सोलापूर सोडलं तर सातच्या आत चालायला सुरुवात होते, अकरापर्यंत माथा आटोपतो आणि ऊन तापायच्या वेळी आपण सावलीत असतो. नोव्हेंबरअखेरीस सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा कितीही उशीर झाला तरी दुपारी दोनला जिथे असाल तिथून परत फिरायचं. ही वेळ आदल्या दिवशीच सगळ्यांना सांगून ठेवा. माथ्यावर उभं राहून ती ठरवायला गेलात तर वाद होतो.

पाणी, शिदोरी आणि कुसळं

माणशी ३ लिटर पाणी, आणि ते ज्याचं त्याने उचलायचं. सगळ्यांचं पाणी एकाच कॅनमध्ये नको. कॅन नेमका भलत्याच टोकाला असतो. सोबत ओआरएसची पाकिटं ठेवा. ती नसतील तर १ लिटर पाण्यात सपाट भरलेले ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मात्र चमचा छोटा, चहाचा.

शिदोरीच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. कडक भाकरी आणि शेंगा चटणी यांना डोंगरात तोड नाही. भाकरीत ओल नसते, म्हणून ती विटत नाही. चटणीत मीठ असतं, आणि घाम गाळणाऱ्याला ते हवंच असतं. भाकरी फडक्यात गुंडाळून पसरट डब्यात ठेवा, नाहीतर पिशवीत चुरा होतो. धपाटेही चालतात. गूळ-शेंगदाणे मात्र खिशात ठेवा, म्हणजे थांबल्याशिवाय खाता येतात. रामलिंगला माकडं फार; खाण्याची पिशवी हातात लटकवू नका.

पावसाळा सरला की माळावरचं गवत वाळतं आणि कुसळं तयार होतात. एक कुसळ हातात घेऊन बघा. टोक सुईसारखं, त्याच्या मागे उलटे केस, आणि शेपटीला पीळ. ओल लागली की पीळ उलगडतो आणि टोक गरगरत आत शिरतं. घामाने भिजलेला मोजा त्याला आयताच मिळतो. म्हणून लोकरी किंवा जाळीदार मोजे नकोत; गुळगुळीत कापडाची पूर्ण पँट मोज्यांवरून खाली येऊ द्या. डोक्याला टोपी, मानेवर सोलापुरी टॉवेल, बूट जुने आणि पायात मुरलेले.

चालताना

पुढे वाट माहीत असलेला एक, मागे धीराचा एक. पुढच्याच्या पुढे कुणी जायचं नाही, मागच्याच्या मागे कुणी राहायचं नाही. सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढच्याच्या पाठोपाठ ठेवा. तो शेवटी राहिला की बाकीचे त्याची वाट बघत विश्रांती घेतात, आणि तो पोचला की लगेच निघतात. थकलेल्यालाच विश्रांती मिळत नाही. वाट फुटेल तिथे सगळे येईपर्यंत थांबा आणि डोकी मोजा. चढावर बोलता येईल इतक्याच वेगाने चाला. उताराला बुटांच्या नाड्या घट्ट आवळा, गुडघा किंचित वाकलेला ठेवा, पावलं आखूड टाका.

कुणी बोलायचं थांबलं, चिडचिड करू लागलं, पाय अडखळू लागले तर तो उन्हाचा त्रास समजा: सावली, ओला टॉवेल मानेवर आणि काखेत, घोट घोट पाणी. असंबद्ध बोलू लागला तर १०८ ला फोन. कपारीत आग्यामोहोळ दिसलं तर बोलणं बंद, अत्तर-धूर काही नको, गुपचूप लांबून जा. साप चावला तर जखम कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका. अंगठी, कडं काढा, चावलेला भाग हलू देऊ नका, वेळ लिहा आणि उचलून थेट सरकारी रुग्णालयात न्या. सापाच्या मागे लागण्यात मिनिटं घालवू नका.

गाडीपाशी आल्यावर पुन्हा डोकी मोजा, कचऱ्याची पिशवी गाडीत टाका, आणि पाहणीच्या वहीत प्रत्यक्ष लागलेल्या वेळा लिहा. पुढची वाट ठरवताना आपल्या गटाची खरी चाल तिथूनच कळते.