पोच घेतलीत का? मुंबईत घरासाठी सरकारी मदत मागताना या चुका टाळा

भांडुपला आमच्या मंडळाच्या खोलीत दर रविवारी सकाळी आम्ही तिघं-चौघं लोकांची घराची कागदपत्रं लावून द्यायला बसतो. गेल्या पावसाळ्यात टेकडीवरच्या एक मावशी आल्या. पिशवीच्या आत पिशवी, तिच्यात रेशनकार्ड, मिस्टरांचा मृत्यू दाखला आणि 1998 सालचं विद्युत मंडळाचं बिल. बिल घडीवर फाटलेलं, मागून सेलोटेपने जोडलेलं. एसआरएत, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत, फुकट घर मिळायला 1 जानेवारी 2000 पूर्वीपासून तिथे राहत असल्याचा पुरावा लागतो. तो त्यांच्या हातात होता. तरी परिशिष्ट-2 मध्ये, म्हणजे कोण पात्र कोण अपात्र त्या सरकारी यादीत, त्यांच्या झोपडीसमोर शेरा होता, 'अनिर्णित'.

कारण साधं होतं. बिलावर मिस्टरांचं आद्याक्षर आणि आडनाव, मतदार यादीत पूर्ण नाव. मिस्टर जाऊन चार वर्षं झाली, पण वारस म्हणून मावशींचं नाव कुठेच लागलेलं नव्हतं. अर्ज केला होता का, विचारलं तर म्हणाल्या, "कमिटीतला मुलगा बघतो म्हणाला होता."

या 'बघतो'वर आजवर किती घरं अडकली असतील! ज्यांना मदत मिळायला हवी त्यांचाच हक्क कागदावर येत नाही, आणि आला तरी मुदत टळून गेलेली असते. म्हणून आमच्याकडे आलेल्या माणसाला पहिला प्रश्न एकच असतो: पोच घेतलीत का? अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का नसेल तर सहा महिन्यांनी तुम्ही अर्ज दिला होता हे दाखवायला तुमच्याकडे काहीच उरत नाही.

परिशिष्टात नाव आलं, आता काळजी नाही

सर्वांत जास्त नुकसान या समजुतीने होतं. प्रारूप परिशिष्ट लागलं की लोक नाव आहे का तेवढं बघतात आणि घरी जातात. नावाचं स्पेलिंग, झोपडी क्रमांक, वापर निवासी की व्यावसायिक आणि शेवटच्या रकान्यातला शेरा, हे चारही वाचायला हवं. पुढे राहत्या खोलीला 'अनिवासी' लागलं म्हणून धावपळ करण्यापेक्षा हरकतीच्या मुदतीत एक पान लिहून देणं सोपं असतं.

शेरा 'अपात्र' किंवा 'अनिर्णित' असेल तर घाबरून कोणाला पैसे देऊ नका. आधी जमीन कोणाची ते शोधा, कारण सक्षम प्राधिकारी, म्हणजे तुमची पात्रता ठरवणारा अधिकारी, त्यावर ठरतो. पालिकेची जमीन असेल तर पालिका, जिल्हाधिकाऱ्यांची असेल तर त्यांच्या हाताखालचं अतिक्रमण विभागाचं ऑफिस, म्हाडाची (राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाची) असेल तर म्हाडा. मावशींच्या पुतण्याने दोनदा वांद्र्याला एसआरएच्या ऑफिसात हेलपाटे घातले होते, आणि त्यांची फाइल होती भलत्याच टेबलावर.

जुळत नसलेल्या नावाला उपाय आहे. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, सोबत दोन्ही नावं जोडणारा एखादा मधला कागद, म्हणजे जुनं रेशनकार्ड, शाळेचा दाखला, पेन्शनचं पुस्तक. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी लग्नाचा दाखला किंवा राजपत्र आधीच काढून ठेवावं. माहेरच्या नावाच्या मतदार यादीवरून सासरचा हक्क सिद्ध करताना कितीतरी जणींची दमछाक आम्ही पाहिली आहे. मूळ पुरावा मात्र कोणाच्याही हातात देऊ नका. झेरॉक्स द्या, मूळ सुनावणीला स्वतः घेऊन जा.

कर्ता माणूस गेला असेल तर वारस नोंदीचा अर्ज लगेच करा. मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत लागते. भावंडांची सही आज हसतखेळत मिळते, चावी हातात आल्यावर मिळेलच असं नाही. आणि हो, पुनर्वसनाचा करारनामा नवरा-बायको दोघांच्या नावावर करायचा असतो. बायकोचं नाव गाळलेला कागद समोर आला तर तिथेच थांबा.

2000 नंतर, पण 1 जानेवारी 2011 पर्यंत राहायला आलेल्यांना वाटतं आपण बादच. तसं नाही. त्यांना सशुल्क घर मिळतं आणि त्याची किंमत सरकारने 2023 मध्ये अडीच लाख ठरवली. 'फुकट करून देतो' म्हणणाऱ्या दलालाला त्याहून जास्त मोजलेली माणसं मी पाहिली आहेत. माझे सख्खे मामा त्यातले एक. पैसे गेलेच, वर खोट्या पुराव्यामुळे फाइलवर शंका बसली ती वेगळी.

भाड्याचा चेक आला नाही, बघू पुढच्या महिन्यात

झोपडी पाडल्यावर बिल्डरने भाडं थकवलं की माणूस दोन्हीकडून मरतो. आधीचं घर गेलेलं आणि नव्या घरमालकाचा तगादा दारात. पाडण्याआधी दोन वर्षांचं भाडं आगाऊ जमा करायचं आणि त्यापुढच्या वर्षाचे पोस्टडेटेड चेक द्यायचे, असा एसआरएचा नियम आहे. घर सोडण्याआधी हे पैसे जमा झाले का, हे सोसायटीने लेखी विचारावं. चेक थकला तर त्याच महिन्यात एसआरएकडे अर्ज करा, एकेकट्याने नको, सगळ्या थकीत कुटुंबांची यादी जोडून. चेक वटला नाही तर बँकेचा रिटर्न मेमो फेकू नका, पुढे तोच पुरावा आहे.

म्हाडाची लॉटरी

इथे चुका छोट्या असतात, पण अर्ज बाद होतो. मुंबईत अत्यल्प गटाला वर्षाचं उत्पन्न 6 लाखांपर्यंत, अल्प गटाला 9 लाखांपर्यंत, मध्यम गटाला 12 लाखांपर्यंत. हे उत्पन्न नवरा-बायकोचं मिळून धरतात. बायकोची घरगुती खानावळ आहे, तिचं कशाला दाखवायचं, असं म्हणू नका. तिचं रिटर्न भरलेलं असलं की ते सापडतं. अधिवास दाखला 2018 नंतरचा, बारकोड असलेला लागतो. जुना असेल तर जाहिरात येण्याची वाट न बघता आत्ताच काढायला टाका. सोडत संगणकावर निघते. म्हाडाने एकही एजंट नेमलेला नाही, म्हणून 'आतून काम' ही भाषा ऐकली की उठून चालू लागा.

पंतप्रधान आवासचे पैसे आपोआप येतील

जुन्या योजनेतली व्याज सवलत कधीच बंद झाली. अत्यल्प आणि अल्प गटासाठी ती 31 मार्च 2022 ला संपली. तरीही तिच्या नावाने फॉर्म विकणारे अजून फिरतात. आत्ता आहे ती दुसऱ्या टप्प्याची योजना, 1 सप्टेंबर 2024 पासूनची. उत्पन्न 9 लाखांपर्यंत, घराची किंमत 35 लाखांपर्यंत, कर्ज 25 लाखांपर्यंत. त्यातल्या पहिल्या 8 लाखांवर 4 टक्के सवलत, एकूण जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार, तीही पाच वार्षिक हप्त्यांत.

आता 35 लाखांत मुंबई शहरात काय मिळतं हे सांगायला नको. बदलापूर, वांगणी, नालासोपारा इकडे बघणाऱ्यांनाच हिचा उपयोग आहे. कुटुंबात कोणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नको, ही अट सगळ्यांना अडवते. गावच्या घराच्या उताऱ्यावर तुमचं नाव लागलंय का, ते ग्रामपंचायतीत आधी तपासा.

एक चूक चांगल्या मनाची माणसं करतात. बोनस आला, सोनं विकलं आणि कर्ज झपाट्याने फेडलं. सवलतीचा हप्ता मिळायला कर्ज खातं चालू असावं लागतं आणि निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी असावं लागतं. फेडायच्या आधी हिशेब मांडा.

हप्ता थकलाय, बँकेचा फोन उचलायचा नाही

नोकरी गेली, आजारपण आलं, की माणूस लाजेने गप्प बसतो. मला याचंच सर्वांत वाईट वाटतं, कारण या गप्प बसण्यात घर जातं. हप्ता 90 दिवस थकला की खातं अनुत्पादित, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज (एनपीए), होतं. त्याआधी बँकेला लेखी कळवा: काय झालं, आत्ता किती भरू शकतो, मुदत वाढवून हप्ता कमी करता येईल का. शाखेत तोंडी बोललेलं कोणी लक्षात ठेवत नाही.

सरफेसी कायद्याची (थकलेल्या कर्जापोटी गहाण घर बँकेला ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याची) नोटीस आली तर पोस्टाने आलेलं पाकीट परत पाठवू नका. घेतली नाही तरी दिवस मोजले जातातच. तुमच्याकडे 60 दिवस असतात. या काळात लेखी हरकत दिली तर बँकेला 15 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पुढे बँकेने ताब्याची कारवाई केली तर 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यांना उत्पन्नाची अटही नाही.

इमारत धोकादायक ठरली, आता सगळं गेलं

लालबाग, गिरगाव, भायखळ्याच्या जुन्या चाळींतून हा प्रश्न हमखास येतो. पालिकेने सी-1, म्हणजे अतिधोकादायक, ठरवलेली इमारत रिकामी करायलाच हवी. दरवर्षी पावसाळ्यात काय होतं ते आपण बघतो आणि जीव पहिला. पण इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क पडत नाही.

भाडेपावती अजून आजोबांच्या नावाने असेल तर ती बदलून घ्यायचा पाठपुरावा आजच सुरू करा. मालक भाडं घेत नसेल तर मनीऑर्डरने पाठवा आणि परत आलेली पावती जपून ठेवा. खोलीचे आणि दाराबाहेरच्या क्रमांकाचे फोटो काढा, विजेची जुनी बिलं एकत्र करा. सर्वांत महत्त्वाचं, सामान हलवण्याआधी पालिकेकडून जागेचं चटई क्षेत्रफळ (भिंतींच्या आतलं वापरातलं क्षेत्र) मोजून त्याची लेखी नोंद घ्या. मोजणीला स्वतः हजर राहा. पोटमाळा, मोरी, गॅलरी यांतलं काय धरलं आणि काय सोडलं ते तिथेच विचारा, आणि कागदावरचा तुमच्या खोलीचा आकडा वाचून मगच सही करा.