संकटाच्या काळात विश्वास कसा जपावा

संकट आले की विश्वास आपोआप बळकट होतो, असे ख्रिस्ती मंडळीत सर्रास ऐकू येते. अनुभव मात्र तसा नाही. एकाच घरातल्या एकाच मृत्यूनंतर एक भाऊ प्रार्थनेकडे वळतो आणि दुसरा कायमचा कडवट होतो, हे पुष्कळांनी पाहिलेले असते. येशूचा शिष्य पेत्र याने आपल्या पहिल्या पत्राच्या आरंभीच विश्वासाची तुलना अग्नीने पारखल्या जाणाऱ्या सोन्याशी केली आहे, आणि मलाखी या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात परमेश्वर रुपे, म्हणजे चांदी, शुद्ध करणाऱ्यासारखा ‘बसेल’ असे म्हटले आहे. हे बसणे महत्त्वाचे आहे. प्राचीन काळी अशुद्ध रुपे शिशासोबत सच्छिद्र पात्रात वितळवत आणि त्यावर सतत हवा फुंकत. शिसे व हीण धातू भस्मरूप होऊन बऱ्याच अंशी पात्रात शोषले जात आणि रुपे तेवढे उरे. हे काम विस्तवावर सोडून उठून जाण्याजोगे नव्हते. भट्टीशी बसणारा कोणी आहे हे धरून चालावे, आणि भट्टीत असताना आपल्या हाती जे आहे तेवढे करावे. ते काय, हे पुढे सांगतो.

सर्वांत आधी कारण शोधण्याचा हट्ट सोडावा. ‘हे माझ्या कोणत्या पापाचे फळ?’ हा प्रश्न पहिल्याच रात्री मनात येतो आणि तो माणसाला आतून पोखरतो. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी हाच प्रश्न विचारला, तेव्हा येशूने याने किंवा याच्या आईबापांनी पाप केले म्हणून असे झाले नाही, असे स्पष्ट सांगितले (योहान ९). शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेले अठरा जण इतरांहून अधिक पापी नव्हते, असेही तो म्हणाला (लूक १३). संकट आपल्याच खोटेपणातून किंवा व्यसनातून उभे राहिले असेल, तर पश्चात्ताप करून वाट बदलावी, हे उघड आहे. पण जे दुःख दुसऱ्याच्या क्रौर्यामुळे वाट्याला आले आहे, ते ‘वधस्तंभ’ समजून मुकाट्याने सोसण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नये. दिमिष्क शहरात जिवावर बेतले तेव्हा प्रेषित पौल पाटीत बसून गावकुसावरून खाली उतरला आणि निसटला. फटके मारण्यासाठी त्याला बांधले, तेव्हा त्याने आपले रोमी नागरिकत्व पुढे केले. मारहाण होत असलेल्या घरातून बाहेर पडणे हा अविश्वास नाही.

यानंतर शरीराकडे पाहावे. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे ठेवले, त्याला खाऊ दिले, झोपू दिले आणि पुन्हा उठवून खायला लावले (१ राजे १९). देवाची मंद वाणी त्याने ऐकली ती चाळीस दिवसांनंतर. म्हणून झोप, जेवण, औषध आणि गरज असल्यास मानसोपचारतज्ज्ञ यांना प्रार्थनेचे प्रतिस्पर्धी मानू नये.

आता विलापाविषयी, म्हणजे आपले दुःख देवापुढे मांडण्याविषयी, आणि इथे थोडे रेंगाळावेसे वाटते, कारण ख्रिस्ती माणूस सर्वांत जास्त इथेच चुकतो. तक्रार करणे म्हणजे विश्वास डळमळणे, अशी धास्ती त्याला वाटते. वास्तविक बायबलातील १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापस्तोत्रे आहेत, आणि वधस्तंभावर खुद्द येशूच्या तोंडी आले ते बाविसाव्या स्तोत्रातले ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केला’ हे शब्द. तेरावे स्तोत्र घेऊन बसावे. त्यात सहाच ओव्या आहेत. पहिल्या दोन ओव्यांत ‘कोठवर?’ असा प्रश्न चार वेळा विचारला आहे. पुढच्या दोनांत मागणे आहे: माझ्याकडे पाहा, उत्तर दे, माझ्या डोळ्यांना तेज दे. शेवटच्या दोनांत भरवसा आहे. एक साधी वही घ्यावी आणि हीच चढण आपल्या शब्दांत उतरवावी. ‘कोठवर’ पुढे खरी गोष्ट लिहावी: तपासण्यांचे अहवाल कोठवर, मुलाचे न बोलणे कोठवर, कर्ज मागणाऱ्यांचे फोन कोठवर. मग मागणे, तेही नेमके. भरवशाची ओळ त्या दिवशी सुचली नाही, तर ती जागा कोरी सोडावी, उसने वाक्य लिहून भरू नये. तक्रार देवाविषयी चारचौघांत करणे आणि देवाला तोंडावर सांगणे यांत फार अंतर आहे. मुलेबाळे, संपत्ती आणि आरोग्य गमावलेल्या ईयोबाने दुसरी गोष्ट केली, आणि शेवटी ‘तोच माझ्याविषयी यथार्थ बोलला’ असे परमेश्वराने म्हटले. देवाची बाजू मांडणाऱ्या त्याच्या मित्रांना मात्र बोल लागला.

प्रार्थना लांबवू नये. ती छोटी करावी आणि तिची वेळ ठरवावी. माझ्या वडिलांच्या शेवटच्या आजारपणात मला स्वतःचे शब्दच सुचेनासे झाले होते. मी फक्त येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणत असे, सकाळी एकदा आणि रात्री एकदा. पुष्कळ दिवसांनी एका पहाटे रुग्णालयाच्या बाकावर ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ म्हणताना मी ‘आज’वर अडलो. इतके दिवस मी पुढच्या सहा महिन्यांची भाकर मागत होतो. त्या दिवसापासून मी फक्त दुपारपर्यंतचे मागू लागलो, आणि दुपारपर्यंतचे बहुधा मिळत असे.

मागितलेले मिळाले नाही तर काय, हा प्रश्न टाळता येत नाही. पौलाने शरीरातला काटा दूर व्हावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला आणि ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे उत्तर मिळाले (२ करिंथ १२). गेथशेमाने बागेत येशूनेही दुःखाचा प्याला टळावा म्हणून तीनदा प्रार्थना केली. दोघांनी मागणे लपवले नाही, आणि दोघांनी उत्तरासाठी जागा ठेवली. आपणही स्पष्ट मागावे, पुन्हा मागावे. मात्र ‘हे झाले तरच तुझ्यावर विश्वास’ असा करार देवाशी करू नये.

एकट्याने हे सारे जमत नाही. दोन माणसे निवडावीत, फार नकोत, आणि त्यांना मोघम ‘प्रार्थनेत आठवण ठेवा’ न म्हणता नेमके काय हवे ते सांगावे: मंगळवारी दवाखान्यात सोबत या, किंवा मला गाता येत नाही तेव्हा उपासनेत शेजारी उभे राहा. सांत्वन करायला येऊन ‘देव सर्व गोष्टी कल्याणासाठीच करतो’ हे वचन पहिल्या पाच मिनिटांत फेकणाऱ्यांना, वचन खरे असले तरी, नम्रपणे थांबवावे.

काही महिन्यांनी ती वही उघडावी. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात संकटाने धीर, धीराने शील आणि शीलाने आशा अशी साखळी आहे. ‘शील’ या ठिकाणचा मूळ ग्रीक शब्द ‘दोकिमे’ पारखून खरे ठरलेले असणे दाखवतो. ही पारख भावनेवरून होत नाही. वहीत पाहावे की मागण्यांत दुसऱ्यांची नावे येऊ लागली का, राग शब्दांत मांडता येतो का, कोऱ्या सोडलेल्या ओळींपैकी एखादी नंतर भरली का. काही पाने तशीच कोरी राहतील. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्रही अंधारातच संपते, आणि तरी ते स्तोत्रसंहितेत आहे. ती पाने फाडू नयेत.

देव आपले सांत्वन करतो ते आपल्याला दुसऱ्याचे सांत्वन करता यावे म्हणून, असे पौल करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आरंभी लिहितो. तशी वेळ येते, कोणाच्या तरी घरून निरोप येतो. जाताना वही घरीच ठेवावी. ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते, आणि तोवर त्यांचे काहीच चुकले नव्हते.