जुन्या टाउन हॉलचा इतिहास कसा शोधायचा

सगळ्यात आधी बिल्डिंगसमोर जाऊन नुसतं बघत उभं राहा. कोनशिला सापडली तर तारीख लिहून घ्या, पण ती पायाभरणीची आहे का उद्घाटनाची हे नीट वाचा, दोन्हीत काही वर्षांचा फरक असू शकतो आणि चूक बहुतेक इथेच होते.

मग नगरपालिकेच्या सभांची इतिवृत्तं. खरा खजिना हाच!! जागा कधी घेतली, कंत्राट कोणाला दिलं, खर्च का वाढला, विरोध कोणी केला, सगळं त्यात सापडू शकतं, वाचायला दिवसच्या दिवस जातात पण कंटाळू नका, फोटो काढून ठेवा आणि प्रत्येक फोटोला पान नंबर टाका नाहीतर नंतर काहीच लागत नाही.

जुने नकाशे पण बघा. अमेरिकेतलं गाव असेल तर सॅनबॉर्न कंपनीचे आगविम्याचे नकाशे मिळतात का बघा, त्यात गुलाबी रंग म्हणजे वीट, पिवळा म्हणजे लाकूड.

नगरपालिकेचं ऑफिस टाउन हॉलमधून का हललं हे शोधताना आधी कायदा बघा. इंग्लंड-वेल्समध्ये १९७२ चा स्थानिक स्वराज्य संस्थांचा कायदा १ एप्रिल १९७४ ला लागू झाला, छोट्या शहरांच्या कौन्सिल मोठ्या जिल्ह्यांत गेल्या आणि कितीतरी टाउन हॉलचं मूळ कामच संपलं.

आणि तिथे नोकरी केलेली म्हातारी माणसं असतील तर त्यांना आधी गाठा, कागद थांबतील. कुठली खोली कशाची होती, लोक रांग कुठे लावायचे, हे कुठल्याच फायलीत नसतं हो.