कोलेस्टेरॉल 'दोनशेच्या आत' म्हणून निर्धास्त आहात? रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

मामांनी रिपोर्ट माझ्या हातात दिला तो खुशीतच. "बघ, कोलेस्टेरॉल 196. दोनशेच्या आत!" मामांना बारा वर्षांपासून मधुमेह, सोबत बीपी. त्याच कागदावर खाली एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) 34, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 240, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 114. एलडीएलचा आकडा ठळक केलेला नव्हता, कारण लॅबने मर्यादा 130 छापलेली.

सगळ्यात जास्त घरं फसतात ती इथेच. छापील मर्यादा सरसकट सगळ्यांसाठी असते. मामांसारख्या जास्त धोक्याच्या माणसाचं एलडीएल 70 च्या खाली हवं, अटॅक येऊन गेला असेल तर 55 च्या खाली. म्हणजे 114 हा आकडा शेजारच्या धडधाकट मुलाला चालून जाईल, मामांना नाही.

आता पेन घ्या आणि एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा. 196 मधून 34 गेले, उरले 162. हे नॉन-एचडीएल, धमन्यांत साचू शकणारं सगळं कोलेस्टेरॉल यात येतं. त्याचं लक्ष्य एलडीएलच्या लक्ष्याहून 30 ने जास्त, म्हणजे मामांसाठी 100. ट्रायग्लिसराइड वाढलेलं असताना मी आधी हाच आकडा बघते. बऱ्याच लॅब एलडीएल मोजत नाहीत, सूत्राने काढतात, आणि ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेलं की ते जुनं सूत्र चालत नाही. अशा वेळी डॉक्टरांना अपोबी तपासणीबद्दल विचारा. धमनीत शिरणाऱ्या प्रत्येक कणावर अपोबीचा एकच रेणू असतो, त्यामुळे थेट कणांचीच मोजदाद होते.

लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच, धमन्यांना घातक कण) नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या तपासणीत नसतं, म्हणून राहूनच जातं. ते आईवडिलांकडून येतं, पथ्य-व्यायामाने फारसं हलत नाही. आयुष्यात एकदा तरी तपासून घ्याच. घरात कुणाला चाळिशीत अटॅक आला असेल तर टाळूच नका. प्रति डेसिलिटर 50 मिलिग्रॅमच्या वर असेल तर बाकीचे आकडे अधिक काटेकोरपणे सांभाळावे लागतात.

एचएस-सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) सर्दी-तापात किंवा दाढ सुजलेली असताना करू नका. 10 च्या वर आलं तर बरं वाटल्यावर, दोनेक आठवड्यांनी पुन्हा करा. आणि ट्रोपोनिन नॉर्मल आलं म्हणजे पुढची काळजी मिटली असं नाही. ते हृदयाच्या स्नायूला आत्ता इजा झाली आहे का, तेवढंच सांगतं.

डॉक्टरांनी मामांना स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) सुरू केलं. तीन महिन्यांनी एलडीएल 66. लगेच फोन आला, "आता गोळी बंद करू ना?" मामा, ते 66 गोळीमुळेच आहे!