दोन गावांत फायनल: शिट्टी वाजण्याआधीची कामे

गोव्यात पेडणे असो की फोंडा, तालुक्यातल्या फुटबॉल स्पर्धेची फायनल सहसा एकाच दुपारी उरकते. ती दोन्ही क्लबांच्या मैदानांवर एकेक सामना अशी घ्यायची असेल, तर समितीचे खरे काम सेमीफायनलच्या आधीच संपायला हवे. हे दोन सामने म्हणजे १८० मिनिटांची एकच लढत असते. मध्ये आठवडाभराची सुट्टी येते आणि त्या आठवड्यात भांडायला भरपूर वेळ मिळतो.

सगळ्यात आधी बरोबरीचे कलम लिहा. २०१३च्या आशियाई चॅम्पियन्स लीगची फायनल सोलमध्ये २-२ आणि ग्वांगझूमध्ये १-१ अशी सुटली. बेरीज ३-३. तरी ग्वांगझू एव्हरग्रांद विजेते ठरले, कारण परक्या मैदानावर त्यांचे दोन गोल होते आणि एफसी सोलचा एकच. हा अवे गोलचा नियम युएफाने (युरोपच्या फुटबॉल महासंघाने) २०२१-२२च्या मोसमापासून काढून टाकला. लोकांच्या डोक्यात मात्र तो अजून पक्का बसलेला आहे. तुम्ही काहीच लिहिले नाही, तर अर्धे गाव तो नियम लागू आहे असे धरूनच मैदानावर येईल. आमचे मत विचाराल तर गावच्या स्पर्धेत तो ठेवूच नये. त्याच्या धास्तीने यजमान संघ पहिल्या सामन्यात मागेच बसून राहतो. कलम असे लिहा:

‘दोन्ही सामन्यांतील गोलांच्या बेरजेवर विजेता ठरेल. दुसऱ्या सामन्याची निर्धारित वेळ संपल्यावर बेरीज समान असल्यास १५-१५ मिनिटांचा जादा वेळ खेळवला जाईल. त्यानंतरही समान राहिल्यास टायब्रेकर (पेनल्टी किकची मालिका) होईल. परक्या मैदानावरील गोलाला वेगळे वजन नाही. पहिल्या सामन्यात जादा वेळ नाही.’

इथे हमखास होणारा घोटाळा वेगळाच आहे. पहिला सामना ‘अ’ने १-०ने जिंकला, दुसरा ‘ब’ने १-०ने जिंकला. दुसऱ्याच्या शेवटच्या शिट्टीला ‘ब’चे लोक नाचत मैदानात घुसतात, कारण त्यांच्या डोळ्यांसमोरचा सामना तर ते जिंकलेले असतात. बेरीज १-१ आहे हे कोणाच्या ध्यानात नसते. म्हणून दुसऱ्या सामन्याच्या फलकावर दोन ओळी ठेवा, आजचा स्कोअर आणि एकूण स्कोअर. ८५व्या मिनिटाला माईकवरून एकूण स्कोअर आणि पुढे काय होणार ते सांगा. टायब्रेकरचे गोल बेरजेत धरायचे नाहीत, हे गुणलेखकालाही बजावून ठेवा.

आता उजेडाचे गणित. २०२१मध्ये एफसी गोवाने आशियाई चॅम्पियन्स लीगचे गटसामने फातोर्ड्यात प्रकाशझोतात खेळले. गावच्या मैदानावर सूर्य पुरवून वापरावा लागतो. खेळ ९० मिनिटे, मध्यंतर १५, वाया गेलेला वेळ ८ धरा. झाली ११३ मिनिटे. पहिल्या सामन्याला एवढीच पुरतात. दुसऱ्या सामन्यात जादा वेळेआधीची विश्रांती ५, जादा वेळ ३०, बाजू बदलायला २ आणि टायब्रेकर तयारीसह १५ मिनिटे. एकूण पावणेतीन तास. डिसेंबरात गोव्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे पहिला सामना चारला चालेल, दुसरा सव्वातीनलाच सुरू व्हायला हवा. ‘प्रमुख पाहुणे आले की सुरू करू’ असे म्हटलेत तर टायब्रेकर मोटरसायकलींच्या हेडलाइटमध्ये घ्यावा लागेल. ओळख-परेड आणि भाषणे पहिल्या सामन्याला उरकून घ्या. तारखा ठरवताना दोन्ही गावांची जत्रा आणि चर्चचे फेस्तही बघा.

दुसरा सामना कोणाच्या गावी, ते चिठ्ठी टाकून ठरवा, तेही सेमीफायनल होण्याआधी: ‘पहिल्या सेमीफायनलचा विजेता दुसऱ्या लेगचा (म्हणजे दुसऱ्या सामन्याचा) यजमान’. त्याला जादा वेळही घरच्या मैदानावर मिळतो, म्हणून हा फायदा कुणाच्या मर्जीवर सोडू नये.

कार्डांचा हिशेब दोन्ही सामन्यांचा एकत्र ठेवा. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या २०२२च्या मोसमाची फायनल २०२३मध्ये झाली. रियाधच्या पहिल्या सामन्यात अल हिलालच्या सालेम अल दौसारीने गोल केला आणि शेवटी लाल कार्ड घेतले. सामना १-१ सुटला. सैतामातला दुसरा सामना त्याच्याविना झाला आणि यजमान उरावा १-०ने जिंकले. सेमीफायनलपर्यंतची एकेरी पिवळी कार्डे पुसायची की नाही ते लिहून ठेवा. पहिल्या लेगनंतर २४ तासांत निलंबितांची यादी दोन्ही क्लबांना लेखी द्या आणि पोचपावती घ्या.

पावसाचे कलम हवेच. ऑक्टोबरातही मैदानात पाणी साचते. २०१८च्या कोपा लिबेर्तादोरेस या दक्षिण अमेरिकेतील क्लब स्पर्धेच्या फायनलमध्ये बोका आणि रिव्हर प्लेट यांचा पहिला सामना पावसामुळे एक दिवस पुढे गेला. दुसऱ्याच्या वेळी बोकाच्या बसवर हल्ला झाला आणि सामना शेवटी माद्रिदला हलवावा लागला. तेव्हा राखीव दिवस आणि तटस्थ मैदान आधीच ठरवा. खेळाच्या नियमानुसार अर्धवट थांबलेला सामना पुन्हा पहिल्यापासून खेळवतात, स्पर्धेच्या नियमांत वेगळे लिहिले नसेल तर. उरलेली मिनिटेच खेळवायची असतील तर तसे स्पष्ट नमूद करा.

संघ मैदान सोडून गेला तर काय, हेही लिहा. २०१९च्या आफ्रिकी चॅम्पियन्स लीगच्या फायनलच्या दुसऱ्या लेगमध्ये व्हीएआर (व्हिडिओ बघून रेफ्रींचा निर्णय तपासायची यंत्रणा) बंद होते. गोल नाकारल्यावर विदाद संघाच्या खेळाडूंनी खेळायला नकार दिला आणि प्रकरण थेट क्रीडा लवादापर्यंत गेले. रेफ्रींनी किती मिनिटे थांबायचे तो आकडा घाला. दहा पुरेत.

मैदाने दोन, म्हणून मोजमापही दोनदा. लांबी ९० ते १२० मीटर, रुंदी ४५ ते ९० मीटर नियमात बसते. भात कापल्यावर मळ्यात आखलेल्या मैदानाची रुंदी बांधामुळे कमी पडते, आधी टेप लावा. गोलपोस्ट ७.३२ बाय २.४४ मीटर; गोलसमोर खड्डा बुजवायला माती टाकली की उंची कमी भरते, म्हणून सामन्याच्या सकाळी पुन्हा मोजा. दोन्हीकडे एकाच बनावटीचे चेंडू द्या.

गेटचे पैसे ज्याच्या गावी सामना त्याचे, की दोन्ही सामन्यांचे एकत्र करून निम्मे-निम्मे, हे सह्यांनिशी ठरवा. पहिल्या सामन्याला पाऊस आला तर पहिला पर्याय पुढे फार दुखतो.