शेतातून जाणाऱ्या लांबच्या सायकल टूरवर या चुका टाळा

घाट चढायचा असला की सगळे तयारीने निघतात, पण आज दिवसभर शेतातून सपाट रस्ता आहे म्हटलं की माणूस निर्धास्त होतो आणि नेमका तिथेच दमतो. सपाट म्हणजे सोपं, ही सगळ्यात मोठी चूक. चढ संपला की निदान उतार तरी मिळतो, समोरच्या वाऱ्याला उतार नसतो. मोकळ्या रानात आडोसाच नसतो, त्यामुळे वारा तासन् तास छातीवर घ्यावा लागतो.

हिशोब साधा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वारा पडलेला असताना तुम्ही ताशी 20 किमीने चाललाय आणि मग समोरून 20 चाच वारा सुटला, तर तोच स्पीड ठेवायला हवा कापण्यासाठी चौपट जोर लागतो. तरीही लोक स्पीड सोडत नाहीत, जड गिअरवर रेटत राहतात, आणि दुपारपर्यंत गुडघे बोलायला लागतात. समोरून वारा असेल तेव्हा स्पीडोमीटरकडे बघूच नका, हलका गिअर टाका, पायाचे फेरे मिनिटाला 80 च्या आसपास राहू द्या, कोपर वाकवून थोडं खाली झुका, आणि 12 चा स्पीड मिळाला तर 12 वर समाधान माना. ग्रुप असेल तर पुढचा माणूस मागच्यांचा वारा अडवतो आणि दमतो, म्हणून दर पाच-दहा मिनिटांनी पुढचा माणूस बदला.

उशिरा निघणं ही याचीच जोडचूक. सकाळी वारा बहुतेक वेळा शांत असतो, ऊन चढून जमीन तापली की वरची वेगवान हवा खाली मिसळते आणि वारा वाढतो. म्हणून उजाडताच निघा आणि निम्म्याहून जास्त अंतर अकराच्या आत उरका. अजून एक, उंच पिकाच्या आडोशाने चाललेले असताना पीक संपून कापलेलं रान लागलं की बाजूचा वारा एकदम धक्का देतो, तिथे एका हाताने बाटली काढू नका.

आता पंक्चर. बांधावरच्या काटेरी झुडपांची छाटणी झाली की काटे रस्त्याच्या कडेलाच पडतात, आणि आपण गाड्यांना जागा द्यायला तिथूनच चालवतो. माझे एकदा दुपारभरात तीन पंक्चर झाले, नंतर कळलं की तिन्ही एकाच काट्याचे. मी ट्यूब बदलत होतो, टायर तपासत नव्हतो. काट्याचं टोक टायरमध्ये तुटून बसलं होतं, बाहेरून काहीच दिसत नव्हतं, आतूनही नाही, बोट फिरवलं तेव्हा तांदळाच्या कणीएवढं काहीतरी टोचलं. तेव्हापासून माझा नियम ठरलाय. ट्यूब काढायच्या आधी तिचा व्हॉल्व्ह टायरवर कुठे येतो तिथे खूण करायची, ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधायचं, आणि ट्यूब तशीच टायरशेजारी धरून बरोबर त्या जागी काटा शोधायचा. आतून बोट सावकाश फिरवा, सापडला की नखाने ओढू नका, बाहेरून काहीतरी टोकदार घालून आत ढकला आणि आतून चिमट्याने काढा.

भोक बघूनही बरंच कळतं. शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी होती आणि ट्यूब खड्ड्यात रिमवर चेपली. भोक रिमच्या बाजूला असेल तर काट्याला दोष देऊ नका, रिम टेप, म्हणजे रिमवरची स्पोकची भोकं झाकणारी पट्टी, सरकलीय, ती सरळ करा नाहीतर नवी ट्यूबही जाईल. आणि पॅच लावताना घाई नको, ट्यूब घासून सोल्यूशन पातळ पसरायचं, पूर्ण वाळून चकाकी गेली की मगच पॅच दाबायचा. ओल्यावर लावलेला पॅच तासाभरात सुटतो, दहापैकी नऊ जण इथेच चुकतात असं माझं मत आहे.

पाण्याबद्दल मला फार कळकळीने सांगायचंय. शेतात पाटाचं पाणी वाहत असतं, स्वच्छ दिसतं, गार लागतं, आणि बाटली रिकामी असते. ते पिऊ नका. त्यात खतातलं नायट्रेट आणि फवारणीचं औषध असू शकतं. पाणी उकळलं तर जंतू मरतात पण नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून ते दाट होतं. साधा फिल्टरही त्याला अडवत नाही. पुढचं गाव लांब असेल तर बाटली अर्धी असतानाच भरून घ्या. आणि कडक उन्हात तासन् तास नुसतं पाणी ढोसत राहू नका, रक्तातलं सोडियम उतरून डोकं जड होतं, मळमळतं, म्हणून घामाच्या हिशोबाने मीठही पोटात जायला हवं. खाणंही भूक लागायच्या आधी, तासाला 30 ते 60 ग्रॅम कार्ब पुरतात. हातपाय थरथरायला लागल्यावर खाल्लं तर सावरायला वेळ जातो.

फवारणी चालू दिसली तर वारा कुठून कुठे जातोय ते बघा, फवारा रस्त्यावर येत असेल तर थांबा. ट्रॅक्टरला मागे जोडलेलं अवजार बरेचदा ट्रॅक्टरपेक्षा रुंद असतं आणि ड्रायव्हरला तुमची बेल ऐकू येत नाही, तेव्हा त्याच्याशी नजरानजर झाल्याशिवाय शेजारून घुसू नका.

मॅपने दाखवलेल्या शॉर्टकटवर आंधळा विश्वास नको. पाणंद पाऊस पडून गेल्यावर लागली तर चिकणमाती मडगार्डमध्ये भरते आणि चाक फिरायचंच थांबतं. जोर लावून पेडल मारलं तर डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, मोडतो. सायकल उचलून बाहेर काढा, काडीने माती खरवडा आणि मगच बसा.

गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच हलवा.

मुक्कामी पोचलात की अंघोळीच्या आधी दोन्ही टायर हाताने फिरवून त्यात रुतलेले काटे उपटा. मग चेन फडक्याने पुसून तेल घाला. मागच्या चाकाचे स्पोक सैल झालेत का ते चिमटीत दाबून बघा, सामानाचा भार तिथेच असतो. हवा मात्र झोपायच्या आधी परत चेक करा, बारीक भोकातून हळूहळू जाणारी हवा तेवढ्या वेळात कळते.