लाडक्या बँडचा म्हातारपणचा अल्बम आला की फॅनांचं किती मनावर घ्यायचं आणि अल्बम ऐकायचा कसा

जुन्या रॉक बँडचा नवा अल्बम आला की तमाशा ठरलेला असतो. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत एक गट म्हणणार गेल्या तीस वर्षांतलं बेस्ट काम, दुसरा म्हणणार आता बास करा आणि घरी बसून नातवंडं सांभाळा, आणि या दोघांच्या मधे जो बिचारा नवीन ऐकणारा अडकलाय त्याला कळतच नाही की हा अल्बम ऐकायचा का सोडून द्यायचा. हे सगळं त्याच्यासाठी आहे. उदाहरण आयर्न मेडनच्या सेन्जुत्सूचं घेतो, एक तर मेडन म्हणजे आपला जीव की प्राण, आणि त्या अल्बमवर झालेली भांडणं बघितली की बाकी कुठल्याही बँडच्या फॅनांची भांडणं समजायला सोपी जातात.

थोडक्यात माहिती. मेडन म्हणजे बेस गिटार वाजवणाऱ्या स्टीव्ह हॅरिसने १९७५ ला लंडनमधे काढलेला हेवी मेटल बँड. सेन्जुत्सू हा त्यांचा सतरावा स्टुडिओ अल्बम, ३ सप्टेंबर २०२१ ला आला. पॅरिसच्या स्टुडिओत २०१९ लाच रेकॉर्ड होऊन तयार होता, पण मधे कोविड आला आणि बँडने बाहेर फारसा पत्ता न लागू देता तो दाबून ठेवला. गाणी दहाच, पण डबल अल्बम, कारण एकूण वेळ जवळजवळ ब्याऐंशी मिनिटं. कव्हरवर एडी, म्हणजे मेडनच्या प्रत्येक कव्हरवरचं ते भूत, सामुराय झालाय.

पहिल्या दिवसाची मतं वाचूच नका

ब्याऐंशी मिनिटं हा आकडा लक्षात ठेवा. अल्बम सकाळी आला आणि तासाभरात कुणी निकाल देऊन मोकळा झाला तर त्याने शेवटची दोन गाणी एक तर ऐकलीच नाहीत नाहीतर स्किप करत ऐकली, साधा हिशोब आहे. आणि गंमत म्हणजे या अल्बमचं सगळ्यात भारी गाणं शेवटीच आहे, हेल ऑन अर्थ, सव्वाअकरा मिनिटांचं. म्हणजे पहिल्या दिवशी ज्यांनी शिव्या घातल्या त्यातले बरेच जण तिथपर्यंत पोचलेच नसणार.

त्यात पहिल्या दिवशी बोलतो कोण? एक तर ज्याच्या अंगावर बँडचा टॅटू आहे तो, नाहीतर ज्याला तो टॅटू बघून राग येतो तो. मधली माणसं अजून ऐकतायत. त्यांना दोनेक आठवडे द्या.

चार्टचे आकडे तर वादात आणूच नका. सेन्जुत्सू इंग्लंडमधे दोन नंबरला आणि अमेरिकेत तीन नंबरला गेला हे खरंय, पण पहिल्या आठवड्याच्या विक्रीवरून एवढंच कळतं की लोकांचं या बँडवर किती प्रेम आहे, कारण तेव्हा तो विकत घेणाऱ्या बहुतेकांनी धड ऐकलेलाही नसतो.

समोरचा कुठल्या अल्बमवर बँडमधे शिरला ते विचारा

माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट हीच. कुणीही कडक मत दिलं की आधी एवढंच विचारा, बाबा तू मेडन पहिल्यांदा कुठल्या अल्बमला ऐकलंस? उत्तर मिळालं की निम्मं मत आपोआप उलगडतं.

पॉल डिअॅनो गायक असतानाचे पहिले दोन अल्बम, १९८० आणि १९८१ चे, ज्याचे लाडके आहेत त्याला छोटी, रांगडी, पंकच्या अंगाने जाणारी गाणी हवीत, त्याला १९८२ नंतरचं सगळंच जरा भपकेबाज वाटतं, सेन्जुत्सू तर सोडाच. ज्याचा प्रवेश १९८२ ते १९८८ मधला, त्याला गॅलप पाहिजे, म्हणजे तो घोडदौडीसारखा पळणारा बेस, आणि त्याला या अल्बममधलं स्ट्रॅटेगो आवडणार आणि टायटल ट्रॅक, म्हणजे सेन्जुत्सू नावाचंच पहिलं गाणं, रटाळ वाटणार. आणि जो २००० साली ब्रेव्ह न्यू वर्ल्डपासून आला, गायक ब्रूस डिकिन्सन आणि गिटारवाला एड्रियन स्मिथ बँडमधे परत आले तेव्हापासून, त्याला लांब गाणी, हळू इंट्रो, तीन गिटार हे सगळं घरचंच वाटतं, तो म्हणणार यात तक्रार करण्यासारखं आहे काय.

आपल्याकडचं वेगळंच प्रकरण आहे. १ फेब्रुवारी २००८ ला मेडन मुंबईत बीकेसीला वाजवून गेले, त्या वर्ल्ड टूरचा पहिला शोच तो होता, बँडचं विमान, आणि ते उडवणारा खुद्द ब्रूस. पण ती टूर होती जुन्या, मुख्यतः ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांची. म्हणजे त्या मैदानात धूळ खात उभं राहून ज्यांनी घसा फोडला त्यांच्या डोक्यात मेडन म्हणजे १९८४ च्या पॉवरस्लेव्ह अल्बमचाच मेडन. असा माणूस सेन्जुत्सूला नावं ठेवत असेल तर तो खोटं बोलत नाहीये, पण त्याची फूटपट्टी १९८४ ची आहे हे धरून ऐका.

तक्रार वेगळी काढा आणि तपासा

फॅनांच्या तक्रारी सरसकट फेकून देऊ नका, सरसकट गिळूही नका. काही तपासता येतात, त्या तपासा.

लांबीची घ्या. मेडन आता लांबलचक गाणी करायला लागले असं कुणी म्हटलं तर ते चूक, १९८४ च्या पॉवरस्लेव्हमधेच तेरा मिनिटांच्या वरचं गाणं आहे. पण तो अख्खा अल्बम आठ गाण्यांचा आणि एक्कावन्न मिनिटांच्या आसपास, एक डोंगर चढलात की संपलं. सेन्जुत्सूमधे शेवटची तीन गाणी, डेथ ऑफ द सेल्ट्स, द पार्चमेंट आणि हेल ऑन अर्थ, तिन्ही एकट्या हॅरिसने लिहिलेली, तिन्ही दहा मिनिटांच्या वर, लागोपाठ, मिळून चौतीस मिनिटं. म्हणजे तक्रार खरी आहे फक्त नीट मांडलेली नाही. गाणी लांब असण्याला हरकत नाही, ती एकापाठोपाठ एक लावलीत आणि तिन्हींचा साचा तोच आहे, हळू सुरुवात मग धाडकन बँड मग सोलो, म्हणजे एकट्या गिटारचा तुकडा, मग परत हळू, ही खरी अडचण. आणि सेल्ट्स ऐकताना मेडनचंच १९९८ चं द क्लॅन्समन आठवलं नाही असा जुना फॅन मला अजून भेटायचाय.

आवाजाची तक्रार जास्त नाजूक आहे. ब्रूसचा आवाज गेला असं म्हणणाऱ्यांना दोन गोष्टी सांगा. रेकॉर्डिंग झालं तेव्हा तो साठीचा होता, आणि आधीच्या अल्बमची गाणी गाऊन झाल्यावर त्याच्या जिभेला कॅन्सर निघाला होता, २०१५ मधे त्यातून तो बरा झाला, म्हणजे सेन्जुत्सू हा त्यानंतरचा पहिला अल्बम. एवढं माहीत झाल्यावर परत ऐका. वरच्या पट्टीत ताण जाणवतो, नाही असं नाही, पण डार्केस्ट अवरमधे, मागे समुद्राचा आवाज आहे ते, तो खालच्या सुरात जे काही गातो ते तरुण ब्रूसला जमलं असतं का याची मला शंका आहे. मेडनमधे एवढा भरीव खालचा आवाज आधी फारसा ऐकलेला नव्हता.

राहिला साउंड. केविन शर्ली हा प्रोड्यूसर २००० पासून आहे आणि तेव्हापासून त्याच्या नावाने बोटं मोडणं चालू आहे, आवाज कोंदट, ड्रम लांबून येतात वगैरे. इथे फोनच्या स्पीकरवर निकाल देऊ नका. बऱ्यापैकी हेडफोन घ्या, द रायटिंग ऑन द वॉलमधला एड्रियनचा सोलो ऐका आणि लगेच त्याच माणसाचा १९८६ चा कुठलाही सोलो ऐका. फरक कानाला कळेल. मला स्वतःला ही तक्रार बरीचशी पटते, तीन गिटार असून तिसरं कुठाय ते शोधावं लागतं.

आणि फॅन कधीकधी बँडपेक्षा बरोबर असतात बरं का. मेटॅलिकाचा २००८ चा डेथ मॅग्नेटिक आठवा, आवाज इतका फुगवून चेपलेला की सूर फाटत होता, आणि तीच गाणी व्हिडिओ गेममधे आली तेव्हा जास्त स्वच्छ ऐकू येत होती हे फॅनांनीच शोधून काढलं. ती तक्रार आवडीनिवडीची नव्हती, कान शाबूत असलेल्या कुणालाही तपासता येत होती.

पण आता पूर्वीसारखं राहिलं नाही टाइप जे असतं ना, ते बाजूला ठेवा. त्याला उत्तर नसतं. तो माणूस बँडबद्दल बोलत नसतो, आपलं कॉलेज संपल्याबद्दल बोलत असतो.

आता ऐकायचा कसा

सुरुवातीपासून सलग ऐकू नका, निदान पहिल्यांदा तरी. टायटल ट्रॅक मोठ्या ढोलासारख्या ठोक्यांनी सुरू होतो आणि सव्वाआठ मिनिटं मधल्या लयीतच चालतो, मेडन म्हणून पळणारं गाणं ऐकायला आलेला माणूस तिथेच गळतो. आधी द रायटिंग ऑन द वॉल लावा, पहिलं सिंगल तेच होतं, जुलै २०२१ मधलं, वाळवंटातल्या काऊबॉय सिनेमासारखी चाल आहे. मग स्ट्रॅटेगो, मग डेज ऑफ फ्यूचर पास्ट, ते चारच मिनिटांचं. ही तीन कानात बसली की एका रात्री दुसरं काही न करता हेल ऑन अर्थ एकटंच ऐका. सुरुवातीला बराच वेळ नुसती शांत गिटार आणि बेस, घाई करू नका, पुढे सरकवू नका. मधे परत सगळं मंदावतं, ब्रूस हळू गातो, आणि तिथून गाणं जे उसळी घेतं ते कळायला आधीची शांतता ऐकलेली असावी लागते. शेवटी परत त्या पहिल्या हळू सुरावर येऊन विरतं.

मग सीडीप्रमाणे अल्बम दोन भागात तोडा. पहिल्या सीडीवर सहा गाणी, चाळीस मिनिटं, दुसरीवर चार गाणी, एक्केचाळीस मिनिटं. म्हणजे हे जुन्या काळातले दोन अल्बम आहेत असं समजा आणि वेगवेगळ्या दिवशी ऐका. ठाण्याहून सीएसएमटीला जाणारी स्लो लोकल पकडली तर एक सीडी आरामात होते, फक्त गाडीच्या खडखडाटात बेस मरतो आणि मेडनमधे बेस मेला की राहिलं काय, त्यामुळे दुसरी सीडी घरीच.

दोन्ही झाल्या की मग एकदा सलग, टायटल ट्रॅकपासून. आता तो ढोल रटाळ वाटत नाही, निदान मला तरी वाटत नाही.

काही वर्षांनी परत विचारा

मेडनच्या फॅनांचा इतिहासच असा आहे की आजची शिवी उद्याची ओवी होते. १९८६ च्या समव्हेअर इन टाइममधे गिटार सिंथेसायझर वापरले म्हणून तेव्हा कटकट झाली होती. २००६ चा अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ टूरवर अख्खा सलग वाजवला तेव्हा जुनी गाणी कुठायत म्हणून लोक वैतागले होते, आज ब्रूसच्या परतीनंतरचा बेस्ट अल्बम कोणता विचारलं की कितीतरी जण तोच सांगतात. आणि २०२३ ला टूर निघाली ती चक्क समव्हेअर इन टाइम आणि सेन्जुत्सू या दोन अल्बमची जोडी लावून. म्हणजे एकेकाळचा बदनाम अल्बम हाच पब्लिकला खेचायला, आणि त्याच्या आडून नवा अल्बम.

त्या टूरचा सेटलिस्ट, म्हणजे शोमधे वाजवलेल्या गाण्यांची यादी, नीट बघा, फॅनांच्या मतांपेक्षा तो जास्त सांगतो. सेन्जुत्सूची पाच गाणी होती आणि हेल ऑन अर्थला जागा मिळाली एन्कोरमधे, म्हणजे बँड एकदा आत जाऊन परत येतो त्या शेवटच्या भागात, द ट्रूपर आणि वेस्टेड इयर्सच्या आधी, जिथे मेडन नवं गाणं सहसा ठेवत नाहीत. द पार्चमेंट, लॉस्ट इन अ लॉस्ट वर्ल्ड आणि डार्केस्ट अवर स्टेजवर कधीच आली नाहीत. बँडला स्वतःला काय टिकेल असं वाटतं ते यातून बऱ्यापैकी कळतं. डार्केस्ट अवरचं मला वाईट वाटतं. २०२५ ला पन्नाशीची टूर काढली तीही १९९२ पर्यंतच्याच गाण्यांची, त्यामुळे ते लाइव्ह ऐकायची आशा आता धूसरच.

तुमचं मत द्यायचं असेल तर

द्या की, पण जागा दाखवून द्या. कुठल्या गाण्यात, कुठे, काय खटकलं. पार्चमेंटमधे तोच रिफ, म्हणजे गिटारची परतपरत येणारी धून, किती वेळा येतो ते मोजून सांगितलंत तर समोरचा वाद घालू शकतो, नुसतं बोअर म्हटलंत तर तो काय बोलणार. आणि रिटायर व्हा हे कृपया लिहू नका. ड्रमर निकोने २०२३ मधे स्ट्रोक आल्यावर काही महिन्यांत परत स्टेजवर बसून वाजवलं आणि २०२४ च्या डिसेंबरपर्यंत टूर केल्या, तो कधी थांबायचं ते त्याचं तो बघून गेला.

ज्यांना तरीही ब्याऐंशी मिनिटं झेपणार नाहीत त्यांनी लॉस्ट इन अ लॉस्ट वर्ल्ड आणि सेल्ट्स काढून टाका, बासष्ट मिनिटांचा अल्बम उरतो आणि क्रम तोच ठेवला तरी चालतो. सेल्ट्सचे भक्त चिडतील, त्यांना क्लॅन्समन लावून द्या.